बीजगणित आंबिवलीला, भूमिती दिव्याला

ही गोष्ट मी आजवर अकरा जणांना सांगितली. अकराही जण मला खोटारडा म्हणून उठून गेले. त्यातले दोघे तर माझ्याच पैशाचा चहा पिऊन गेले. तुमचाही विश्वास बसणार नाही, मी आधीच सांगून ठेवतो. पण काळुरामच्या गिरणीचा पट्टा तुटलाय, तो शिवून होईपर्यंत दळण काही मिळत नाही, आणि बसल्या जागी तुम्हाला दुसरा उद्योगही दिसत नाही.

"सांगा सीतारामदादा," काळुराम पट्ट्यात दाभण घालत बोलला, "पन आज भूत नको, मगर नको. गेल्या टायमाला तुमची मगर नदीतून थेट कल्यानला गेलती."

बाकावर एक मुलगी बसली होती, शिवानी नावाची. नव्या टॉवरमधली. गव्हाचा डबा मांडीवर, डोळे मोबाइलमध्ये. ती हसली. म्हटलं, चला, एक तरी ऐकणारं आहे.

तर आमच्या गावचा उत्तम. आंबिवली स्टेशनपासून चालत वीस मिनिटं, नदीला लागून त्याची भाजीची वाडी. बापाने ठेवलेली, त्याने वाढवलेली नव्हे. उत्तमला तुम्ही पाहिलं असेल. नाक्यावर कोणाच्याही वाढदिवसाचा बॅनर लागला की खालून दुसऱ्या रांगेत, डावीकडून सातवा, बोराएवढा चेहरा, काळा गॉगल. तो उत्तम. त्या बोराएवढ्या चेहऱ्यासाठी हा बाबा बारा महिने बांबू उचलतो, सुतळ्या बांधतो, दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडतो. आणि वाडीत त्याची बायको शेवंती बारा महिने वाकलेली. तिला सरळ उभी पाहिली ती मी फक्त लग्नात.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. भात निघालं, वाफे पडले, मेथी उगवून बोटभर झाली. आमच्याकडे चार वाड्यांत एक इंजिन. ज्याची बारी त्याने पाणी घ्यायचं. बारी चुकली की पुन्हा चौथ्या दिवशी. उत्तमची बारी आली आणि इंजिन अडकलं. शेवंतीने दोरी ओढली, ओढली, तळहाताची साल निघाली. शेजारच्या वाडीतून उत्तमला फोन केला. हा बॅनर बांधायला शिडीवर. "येतंय, येतंय," म्हणाला. संध्याकाळी आला तो शर्टाला केक लागलेला. तोवर बारी गेली होती. चौथ्या दिवसापर्यंत तीन वाफे पिवळे पडून झोपले.

शेवंती कोरड्या सरीत पाय ठेवून उभी होती. उत्तम म्हणाला, "मेथी काय, परत पेरू." तिने त्याच्याकडे बघितलं, विळा धुतला, भिंतीला खोचला आणि दिवा स्टेशनजवळ बहिणीच्या शेजारी खोली घेऊन राहिली. शिव्या नाहीत, रडणं नाही. मला वाटलं, वा, बाई असावी तर अशी. चुकलो. तीही उत्तमच्याच तोडीची निघाली, पुढे कळेल.

मध्ये राहिली पोरगी. संचिता. दहावीत, कल्याणच्या शाळेत. नववीत वर्गात तिसरी आलेली. तिला अकरावीला सायन्सला जायचं होतं, पुढे रक्त-लघवी तपासतात ती लॅब आहे ना, तसलं काही शिकायचं होतं. एवढंच. विमान मागितलं नव्हतं तिने.

वाटणीला गावकी बसली. पाच जण. नावं विचारू नका, कारण एक मी होतो.

कपाट कोणाला, मिक्सर कोणाला, यावर चहाचे तीन राउंड झाले. मोबाइल उत्तमच्या वाट्याला गेला, कारण बॅनरवाल्यांचे फोन त्यावर येतात. मग पोरगीचा विषय निघाला तेव्हा सगळे थकले होते. कोणीतरी म्हणालं, "बारी लावा ना. तीन दिस हितं, तीन दिस तितं. रविवार आलटून पालटून." सगळ्यांना एकदम पटलं. पाण्याची बारी आमच्या आज्यापणज्यापासून चाललेली, तीत कधी डोकं फुटलं नाही. आणि बारीचा जो कायदा तोच इथंही लागला: बारी संपली की पाइप, पाना, डिझेलचा कॅन जागेवर ठेवायचा. सोबत काही न्यायचं नाही.

"म्हंजे दप्तर?" उत्तमची बहीण रसिका दारातून बोलली. ही नवऱ्याला सोडून भावाकडे राहायला आलेली, पण दुसऱ्याची बायको घर सोडून गेली याचा राग सगळ्यात जास्त हिलाच. "दप्तरातनं आज पुस्तक जाल, उद्या पातेला जाल. मी सांगून ठेवतंय."

झालं. गावकीने पुस्तकं वाटायला घेतली.

"एक मिनिट आजोबा," शिवानीने मोबाइल खाली ठेवला. "पुस्तकं? खरंच पुस्तकं वाटली?"

"तुला काय वाटलं, आम्ही मुंबईचे वकील? आम्हाला वाटता येतं तेच आम्ही वाटतो. आणि सरकारने आमचं काम आधीच करून ठेवलेलं. गणिताची पुस्तकंच दोन."

"हो, भाग एक आणि भाग दोन. सायन्सचीही दोन. मी आत्ताच दिली ना दहावी."

"मग तुला कळेल आमचा आनंद. बीजगणित बापाला, भूमिती आईला. विज्ञान एक हिकडे, दोन तिकडे. इतिहास आंबिवलीला, भूगोल दिव्याला. मराठी शेवंतीने मागून घेतलं, हिंदी उत्तमला गेलं. आणि उरलं इंग्रजी. एकच पुस्तक. वाटेकरी दोन."

तिथं गावकीची खरी अक्कल लागली. एक म्हणाला, सहा महिने याच्याकडे, सहा महिने तिच्याकडे. दुसरा म्हणाला, चिठ्ठी टाका. शेवटी रसिकाने आतून जुडीची मुळं छाटायचा विळा आणून दिला. पानं मोजली, मध्ये सुतळी लावली आणि पुस्तकाचं पोट फाडलं. एक धडा बरोबर मधोमध आला. त्यातला माणूस आंबिवलीत बोटीत बसला आणि दिव्यात उतरला.

संचिता खांबाला टेकून बघत होती. म्हणाली, "आनि मी? माझ्यावर पन सुतळी लावा ना. बघा कुठून बरोबर अर्धी होते."

आम्ही हसलो. पाचही जण. पोरगी बोलते झकास, असं म्हणून सुपारी तोंडात टाकली आणि उठलो.

दुसऱ्या दिवसापासून बारी सुरू. आंबिवलीच्या तीन दिवसांत शाळेतून आली की दप्तर खुंटीला, फ्रॉक बदलून वाडीत. मेथी उपटायची, मांडीवर झटकायची, नदीत मुळं खळबळायची, जुडी बांधायची, गोणपाटावर रचायची. वाकून वाकून तिच्या पाठीत चमक भरायची, मग ती गुडघ्यावर बसून उपटायची. गुडघ्यांची सालं निघायची. बोटं एवढी हिरवी की वहीवर ठसे उठायचे. बीजगणिताचं पुस्तक इंजिनावर उघडं ठेवलेलं, वर दगड. एक ओळ वाचायची, चार जुड्या बांधायच्या. उत्तम मध्येच यायचा, गॉगल वर सरकवून म्हणायचा, "अभ्यास चाललाय ना? गुड, गुड." आणि जायचा. एक जुडी बांधली नाही त्याने. बोटांना वास येतो म्हणे.

दिव्याचे तीन दिवस आणखी छान. चौथ्या मजल्यावर खोली, लिफ्टच्या जागी नुसतं भोक. पाणी एक दिवसाआड, संध्याकाळी, अर्धा तास. शेवंती खालच्या पोळीभाजी केंद्रात दुपारपासून लाटायला उभी. तिचं लाटणं थांबत नाही, म्हणून पाणी पोरगीने भरायचं. वीस लिटरचा कॅन, चौथा मजला. पहिल्या आठवड्यात तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात तिने हात बदलला, मग दोन्ही सारखे खाली गेले. पाणी झालं की आईजवळ बसून कणीक तिंबायची. शेवंती वर न बघता विचारायची, "तिकडं काय म्हनाली ती रसिका माझ्याबद्दल?" पहिला प्रश्न हा. दुसरा प्रश्न, "आनि तो?" तिसरा प्रश्न नसायचा. संचिता पोळीवर बोटाने त्रिकोण काढून बघायची, कोन मोजायची. शेवंती ओरडायची, "अगं, फुगनार नाय ती! गिऱ्हाईक परत देतं!"

"पण पुस्तक मैत्रिणीकडून घ्यायचं ना," शिवानी म्हणाली. "झेरॉक्स काढायची."

"काढली की. एकदा भूमितीच्या चार पानांची झेरॉक्स आंबिवलीला नेली. रसिका दारात बसलेली. दप्तर उलटं केलं, कंपास झटकली, डबा उघडून बघितला. कागद मिळाले तसे गावाला ओरडून दाखवले, 'बगा, तिकडचा माल हिकडं येतंय!' पोरगीला ते कागद परत दिव्याला नेऊन ठेवायला लावले. त्याच दिवशी. शाळेतून आलेली, पोटात काही नाही. शेवंतीने काय करावं? जवळ घ्यावं? ती म्हणाली, 'असं का? मग तिकडची पेन्सिल पन हितं नको.' आणि पेन्सिल खिडकीतून टाकली."

त्यानंतर चमत्कार झाला, तोच तुम्ही मानणार नाही. पोरगीच्या डोक्यातही बारी लागली. आंबिवलीला पाऊल टाकलं की भूमिती साफ जायची. दिव्याला उतरली की बीजगणित गायब. एकदा रसिकाने भाकरी पुढे केली, म्हणाली, चौघांत सारखी वाट. पोरगीने भाकरी हातात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि परत टोपलीत ठेवली. म्हणाली, "मना हे दिव्यात येतं."

काळुराम दाभण तोंडात धरून हसला. "ती खोटं बोलत असंल, दादा."

"रसिकालाही तेच वाटलं. कानाखाली दिली. पोरगी म्हणाली, 'परत मारा, तिकडं लक्षात राहनार नाय.'"

पूर्वपरीक्षा झाली जानेवारीत. वर्गशिक्षिका हेमांगी बाईंनी दोघांना बोलावलं. एक आला गॉगल लावून, दुसरी आली कोपरापर्यंत पीठ लावून. दोघं दोन बाकांवर, मध्ये पोरगी उभी. बाईंनी पेपर पुढे ठेवले. "नववीत तिसरी होती हो ही. आता बघा. बीजगणित पंधरा, भूमिती नऊ. चाळीसपैकी. विज्ञानात तर उत्तरं अर्धी लिहून सोडली आहेत. घरी काय चाललंय?"

उत्तमने पुढचं काही ऐकलंच नाही. तो उठून उभा राहिला. "पंधरा! माझ्याकडं पंधरा! आनि तिकडं नऊ!"

"विज्ञान दोन बघ ना," शेवंती म्हणाली. "अठरा हाय. तुझं एक किती? बारा. इतिहास वाच, मोठ्याने वाच."

"भूगोल?"

"भूगोल पन माझाच जास्त."

"अहो, गणिताची बेरीज एकत्र होते," बाई म्हणाल्या. "दोन्ही मिळून एक विषय आहे."

त्या दोघांना एकत्र हा शब्द कळला नाही. इंग्रजीवरून तर बाकच सरकले, कारण पहिल्या अर्ध्या पुस्तकातले मार्क आणि दुसऱ्या अर्ध्यातले मार्क वेगळे काढून द्या असं उत्तम म्हणू लागला. बाईंनी कपाळाला हात लावला. पोरगी पेपरच्या कडा दुमडत उभी होती. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत जमली, तेव्हा तिने बाईंना विचारलं, "मी जाऊ? माझी बारी संपली."

घरी येऊन दोघांनी शिकवण्या लावल्या. उत्तमने फक्त बीजगणिताची, शेवंतीने फक्त भूमितीची. आणि दोघांनीही, ऐका हं, दोघांनीही पोरगीला बाजूला घेऊन सांगितलं की समोरच्याचा विषय जरा ढिला सोड, म्हणजे गावकीला कळेल कोणाकडे ठेवायला पाहिजे तुला. असे आईबाप. बकरीला पिल्लू झालं तर ती त्याला चाटते तरी.

मग बोर्डाची परीक्षा. केंद्र तिच्याच शाळेत. हॉल तिकीट मिळालं तो दिवस आंबिवलीच्या बारीचा, म्हणून रसिकाने ते कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. आमच्या बारीत आलेला कागद आमचा. पेपरच्या सकाळी द्यायचं, पेपर सुटला की परत घ्यायचं. पोरगी दिव्याला असेल त्या दिवशी उत्तमने ते मोटारसायकलवरून शाळेच्या गेटवर आणायचं, असं ठरलं. भाषेचे पेपर तसे गेले. उत्तम गेटवर यायचा, हॉल तिकीट देताना फोटो काढायचा, तो सगळीकडे पाठवायचा. बीजगणिताला तर हार घेऊन आला होता.

पुढचा पेपर भूमितीचा. बारी दिव्याची.

सकाळी उत्तम नाक्यावर बसला होता. मी स्वतः त्याला म्हणालो, "अरे, पेपर हाय ना पोरीचा? कागद नेऊन दे." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "आज तिच्या आईचा विषय हाय, दादा. माझ्या विषयाला आलती का ती कधी गेटवर? मग मी कशाला धावू?" आणि मोबाइल उलटा करून ठेवला. शेवंती तिकडे पोळ्या लाटत होती. हॉल तिकीट आणायचं काम त्याचं, तिचं नव्हे. ठरलंय तसं.

साडेदहा वाजले.

आणि मग ऐका. मग त्या गॉगलवाल्याला आतून काहीतरी चावलं. कपातला चहा तसाच. उठला, घरी पळाला, रसिका किल्ली देईना तर कपाटाचं दारच उपटलं. दार खांद्यावर घेऊन मोटारसायकलवर बसला, कारण कागद दाराला आतून चिकटवलेला होता. आंबिवलीपासून कल्याणपर्यंत एक सिग्नल त्याला लागला नाही. तिकडे शेवंतीने लाटणं टाकलं. पोळी तव्यावर, बाई रस्त्यावर. पिठाचे हात घेऊन रिक्षासमोर आडवी झाली. दोघं गेटवर एकाच वेळी पोचले. त्याने कपाटाचं दार धरलं, तिने नखाने कागद सोडवला, दोघांनी मिळून गजांतून आत दिला. त्या कागदावर पिठाची पाच बोटं उमटलेली. वॉचमनच्या डोळ्यांत पाणी.

पोरगी बाकावर बसली ती दोन तास मान वर केली नाही. डोक्यातली आंबिवली दिव्याला जोडली गेली. भूमितीत चाळीसपैकी अडतीस. निकाल लागला, चौऱ्याऐंशी टक्के. शेवंती वाडीत परत आली, उत्तमने बॅनरवरून स्वतःचं तोंड कात्रीने कापून काढलं, आणि परवा मी तिकडून गेलो तर तिघं एका रांगेत बसून जुड्या बांधत होते. मला पेढा दिला. हा बघा, अजून दाढेत खवा...

"आजोबा, खोटं."

शिवानीने गव्हाचा डबा खाली ठेवला होता.

"खोटं बोलताय तुम्ही. मी तिच्याच शाळेतली, परीक्षेत माझा नंबर तिच्या मागचा होता. भूमितीला तिचा बाक रिकामा होता, आणि नंतरच्या सगळ्या पेपरांना. मी वरच्या खिडकीतून बघत होते. हेमांगी बाई स्वतः गेटवर गेल्या, म्हणाल्या, हॉल तिकीट नसू दे, हमीपत्र लिहून घेतो, आत चल. दोनदा गेल्या. ती म्हणाली, नको बाई, ते येतायत. बेल झाली, पेपर वाटले, तरी ती तिथंच उभी, रस्त्याकडे तोंड करून. एक वाजता आम्ही बाहेर आलो तेव्हाही तिथंच होती. मला म्हणाली, तू बघितलंस का गं कोणाला येताना? कोणीच आलं नव्हतं, आजोबा."